गंजलेल्या गाडीचा पत्रा आणि पहिले वेल्डिंग यंत्र : निवड करताना आरोग्याचा विचार
नागरिकांसाठी आरोग्य मार्गदर्शन पत्रक

हे पत्रक कोणासाठी आहे?

आपल्या जुन्या मोटारगाडीचा गंजलेला पत्रा स्वतः दुरुस्त करू इच्छिणारे नागरिक, तसेच डेंटिंग-पेंटिंगच्या कामात नव्याने उतरणारे कारागीर व प्रशिक्षणार्थी यांच्यासाठी हे पत्रक आहे. देशाच्या दीर्घ किनारपट्टीवरील खारी हवा, पावसाळ्यातील ओल आणि दारांच्या तळाशी साचणारे पाणी यांमुळे गाडीचा पत्रा आतून गंजतो. घरगुती विजेवर चालणारी लहान वेल्डिंग यंत्रे आता सहज मिळतात. त्यामुळे अनेक जण प्रशिक्षणापूर्वीच यंत्र खरेदी करतात. खरेदीच्या वेळी किंमत आणि अँपिअर या दोनच बाबी पाहिल्या जातात. परंतु आपण निवडलेले यंत्र किती धूर सोडते, किती वेळ आपणास त्या धुरात बसविते आणि विजेचा किती धोका निर्माण करते, यावर आपले आरोग्य अवलंबून असते.

हे पत्रक वाचल्यानंतर आपणास पुढील गोष्टी करता याव्यात, असा उद्देश आहे :
• पातळ पत्र्यासाठी योग्य वेल्डिंग पद्धत ओळखणे;
• यंत्रावरील माहितीपट्टी वाचून निर्णय घेणे;
• यंत्राच्या किमतीत संरक्षक साधनांचा खर्च धरणे;
• कोणते काम हाती घेऊ नये आणि कोणत्या लक्षणांवर रुग्णालयात जावे, हे जाणणे.

१. पातळ पत्रा आणि आपली फुप्फुसे यांचा संबंध

मोटारगाडीच्या बाह्य भागाचा पत्रा सर्वसाधारणपणे ०.६ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो. गंजल्यामुळे तो आणखी पातळ होतो. एवढ्या पातळ पत्र्यावर जास्त उष्णता पडली की जोड बसण्याऐवजी छिद्र पडते. शिकाऊ व्यक्ती ते छिद्र भरू पाहते, शेजारी दुसरे छिद्र पडते आणि दहा मिनिटांचे काम तासभर चालते. हा सर्व वेळ तिचा चेहरा धुरापासून हातभर अंतरावर असतो.

म्हणून यंत्राची निवड हा आरोग्याचाही विषय ठरतो. कमी विद्युतप्रवाहावर स्थिर चालणारे यंत्र काम लवकर संपविते, पत्रा कमी जाळते आणि आपणास धुरात कमी वेळ ठेवते. मोठ्या अँपिअरचे यंत्र या कामासाठी अधिक चांगले असते, हा समज चुकीचा आहे.

२. उपलब्ध पद्धतींची तुलना

साधे आर्क वेल्डिंग (रॉडचे). या प्रकारची लहान इन्व्हर्टर यंत्रे सर्वांत स्वस्त असतात व म्हणूनच नवशिक्यांच्या हाती प्रथम येतात. फाटक, ग्रिल किंवा जाड पट्टी यांसाठी ती उपयुक्त आहेत. गाडीच्या पत्र्यासाठी मात्र ती नवशिक्याने निवडू नयेत. नेहमीच्या २.५ मिलिमीटर रॉडला लागणारा प्रवाह हा पत्रा सहज जाळून टाकतो. रॉडवरील लेप जळताना पुष्कळ धूर होतो. शिवाय काम थांबलेले असताना रॉडच्या टोकाशी असणारा विद्युतदाब या यंत्रांत बहुधा ६० ते ८० व्होल्ट असतो. घामाने भिजलेल्या शरीरास तो घातक ठरू शकतो.

गॅस वेल्डिंग. ऑक्सिजन व ॲसिटिलीनच्या ज्योतीने पत्रा जोडण्याची किंवा पितळी सळईने झाळण्याची पद्धत आपल्याकडील अनेक गॅरेजांत रूढ आहे. कुशल कारागिराच्या हाती ती उत्तम काम देते. परंतु ज्योतीची उष्णता दूरवर पसरल्याने पत्रा वाकतो, आतील रबर व फोम पेट घेतात आणि उच्च दाबाचे दोन सिलिंडर घरी सांभाळावे लागतात. पितळात जस्त असल्यामुळे पितळी सळईचा धूर जस्ताचा ताप आणू शकतो. घरच्या घरी शिकण्यासाठी ही पद्धत योग्य नाही.

टिग (आर्गॉन) वेल्डिंग. यात धूर सर्वांत कमी होतो व जोड सुबक येतो. मात्र पत्रा अतिशय स्वच्छ असावा लागतो, दोन्ही हात व पाय एकाच वेळी चालवावे लागतात आणि सराव दीर्घकाळ लागतो. धूर कमी दिसला तरी यातील अतिनील किरणे तीव्र असतात, हे विसरू नये.

मिग वेल्डिंग, वायुविरहित तारेचे. यात आत फ्लक्स भरलेली तार वापरतात व सिलिंडर लागत नाही. यंत्र स्वस्त पडते आणि वाऱ्यातही चालते. परंतु या तारेचा धूर साध्या तारेपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक असतो, ठिणग्या अधिक उडतात आणि पातळ पत्रा जळण्याची शक्यता वाढते.

मिग वेल्डिंग, संरक्षक वायूसह. ०.६ मिलिमीटर जाडीची साधी पोलादी तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण वापरणारे लहान सिंगल-फेज यंत्र नवशिक्यासाठी सर्वांत योग्य आहे. पत्रा सलग न जोडता एकेक टाका मारून, मध्ये थंड होऊ देऊन काम करता येते. केवळ कार्बन डायऑक्साइड वापरल्यास खर्च कमी येतो; मात्र ठिणग्या व धूर वाढतात आणि आर्कच्या उष्णतेत त्यातील काही भागाचे विषारी कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. म्हणून पातळ पत्र्यासाठी मिश्रण वापरणे श्रेयस्कर.

या पद्धतीचीही एक मर्यादा आहे. पंख्याचा किंवा वाऱ्याचा झोत थेट जोडावर आला की संरक्षक वायू उडून जातो व जोड सच्छिद्र होतो. त्यामुळे अनेक जण पंखा बंद करून, शटर ओढून काम करतात. हे अत्यंत धोकादायक आहे. आर्गॉन व कार्बन डायऑक्साइड हे हवेपेक्षा जड वायू असून ते खड्ड्यात, तळघरात व बंद खोलीत साचतात आणि प्राणवायूची जागा घेतात. आर्गॉनला वास नसल्याने गुदमरण्यापूर्वी कोणतीही सूचना मिळत नाही. पंख्याचा झोत जोडावर सोडण्याऐवजी धूर बाहेर खेचणारा पंखा बाजूस ठेवावा, समोरासमोरील दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि आपले डोके धुराच्या वर न ठेवता एका बाजूस ठेवावे. काम संपल्यावर सिलिंडरची झडप बंद करावी.

३. यंत्रावरील माहितीपट्टी कशी वाचावी?

खोक्यावर ठळक छापलेला आकडा अनेकदा केवळ मॉडेलचे नाव असते. त्यावर विसंबू नये. यंत्राच्या मागील किंवा बाजूच्या माहितीपट्टीवर पुढील बाबी पाहाव्यात :

• किमान प्रवाह : पातळ पत्र्यासाठी कमाल प्रवाहापेक्षा किमान प्रवाह महत्त्वाचा. तो ३० अँपिअर किंवा त्याहून कमी असावा.
• इनपुट विद्युतदाब व प्रवाह : घरगुती पुरवठा सिंगल-फेज २३० व्होल्टचा असतो. यंत्रास लागणारा प्रवाह आपले सॉकेट, वायरिंग व एमसीबी यांच्या क्षमतेत बसतो का, हे परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. दिव्या-पंख्याच्या लहान सॉकेटवर वेल्डिंग यंत्र कधीही लावू नये.
• ड्यूटी सायकल : दहा मिनिटांपैकी किती मिनिटे यंत्र सलग चालू शकते, हे या आकड्यावरून समजते. ३० टक्के म्हणजे तीन मिनिटे काम व सात मिनिटे विश्रांती. हा आकडा ४० अंश सेल्सिअस तापमानास दिलेला आहे का, ते विचारावे. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली तापमान त्याहूनही वाढते.
• वायूची जोडणी : काही स्वस्त मिग यंत्रांत संरक्षक वायूची सोयच नसते. नंतर ती बसविता येत नाही.
• प्रवाहाची दिशा : साध्या तारेसाठी टॉर्च धन टोकास, तर बहुतेक वायुविरहित तारांसाठी ऋण टोकास जोडावी लागते. हा बदल करता येतो का, ते पाहावे. चुकीच्या जोडणीने ठिणग्या व धूर दोन्ही वाढतात.

जुने यंत्र घेत असल्यास केबलवरील चिरा, सैल क्लॅम्प, तुटलेला अर्थिंगचा पिन आणि चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे यांची बारकाईने तपासणी करावी. यांपैकी काहीही आढळल्यास दुरुस्ती होईपर्यंत यंत्र सुरू करू नये.

४. खर्चाचा हिशेब : यंत्र आणि संरक्षण एकत्र

आपण ठरविलेल्या रकमेतून प्रथम खालील साधनांचा खर्च बाजूला काढावा. उरलेल्या रकमेत बसेल ते यंत्र घ्यावे. पैसे अपुरे पडल्यास यंत्राची खरेदी पुढे ढकलावी. संरक्षक साधने वगळू नयेत.

• संपूर्ण चेहरा व गळा झाकणारे वेल्डिंग हेल्मेट. या कामासाठी ९ ते ११ क्रमांकाची काळी काच सर्वसाधारणपणे पुरेशी असते. आपोआप काळी होणारी काच घेतल्यास तिच्यावर सुरक्षा मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे. उन्हाचा चष्मा, काळी फिल्म किंवा हाताचा आडोसा हे संरक्षण नव्हे.
• हेल्मेटखाली बसणारा, बदलता येणाऱ्या फिल्टरचा कणरोधक मास्क. तो नसल्यास किमान एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क. धुराचे कण अतिसूक्ष्म असल्याने रुमाल, पंचा वा शस्त्रक्रियेचा साधा मास्क ते अडवू शकत नाही. दाढी असल्यास मास्क चेहऱ्यास घट्ट बसत नाही. हे मास्क कण अडवितात, वायू अडवीत नाहीत. म्हणून खेळती हवा आवश्यकच आहे.
• कोरडे चामडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे आणि बंद चामडी बूट. नायलॉन, पॉलिएस्टरचे कपडे ठिणगीने वितळून त्वचेस चिकटतात.
• ग्राइंडर वापरताना घालावयाचा पारदर्शक सुरक्षा चष्मा व कर्णरोधक.
• ड्राय पावडर अग्निशामक, वाळूची बादली आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी.

५. धुरात काय असते?

वेल्डिंगचा धूर म्हणजे वितळलेल्या धातूची वाफ थिजून बनलेले सूक्ष्म कण व काही वायू यांचे मिश्रण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर तसेच वेल्डिंगमधून निघणारी अतिनील किरणे यांचा समावेश मानवांत कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. पोलादातील मँगनीज दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास मज्जासंस्थेस अपाय होतो. वेल्डिंग करणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोकाही अधिक असतो.

गाडीच्या पत्र्यात आणखी तीन धोके दडलेले असतात.

जस्त. गंजरोधासाठी अनेक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे जोड बसण्यापूर्वीच जस्ताची वाफ आपल्या श्वासात आलेली असते. काही तासांनी, बहुधा रात्री, थंडी वाजून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला व तोंडास धातूची चव अशी लक्षणे दिसतात. हा त्रास साधारणतः एक-दोन दिवसांत ओसरतो. मात्र आपल्या देशात तो मलेरिया किंवा डेंग्यू समजला जाण्याची शक्यता असते. म्हणून डॉक्टरांना आपण वेल्डिंग केल्याचे आवर्जून सांगावे. तसेच प्रत्येक ताप धुराचाच आहे असे गृहीत धरून रक्ततपासणी टाळू नये.

रंग व पुट्टी. जुन्या रंगात शिसे असू शकते. रंगातील शिशावर ९० भाग प्रतिदशलक्ष ही मर्यादा घालणारे नियम घरगुती व सजावटीच्या रंगांना लागू आहेत. वाहनांचा रंग त्यात येत नाही. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंचा किमान ५ सेंटिमीटर पट्ट्यातील रंग, पुट्टी, डांबरी लेप व जस्ताचा थर आधी काढावा. पत्र्याच्या मागील बाजूसही हे करावे. रंग जाळून काढू नये. घासताना मास्क वापरावा, भुकटी ओल्या कपड्याने पुसावी व कामाचे कपडे वेगळे धुवावेत. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर दुष्परिणाम करते आणि ते कपड्यांवरून घरात येते.

सफाईचे द्रव. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर किंवा तेल काढणारे द्रव पत्र्यावर राहिल्यास आर्कच्या उष्णतेने व अतिनील किरणांनी त्यापासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. डब्यावरील घटक वाचावेत आणि असे द्रव कामाच्या जागेतही ठेवू नयेत.

काम संपल्यावर गूळ, केळे किंवा दूध घेतल्याने छातीतील धूर उतरतो, असा समज सर्वत्र आढळतो. हे पदार्थ अन्न म्हणून चांगले आहेत. परंतु अन्ननलिकेत गेलेला गूळ फुप्फुसांतील धातूचे कण काढू शकत नाही.

६. डोळे आणि त्वचा

आर्ककडे उघड्या डोळ्यांनी काही क्षण पाहिले तरी बुबुळाच्या पारदर्शक पटलास इजा होते. त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते व उजेड सहन होत नाही. डोळ्यांवर स्वच्छ, थंड, ओला कपडा ठेवून विश्रांती घ्यावी व डॉक्टरांना दाखवावे. बटाट्याची चकती, तूप, मध किंवा गुलाबपाणी डोळ्यांत घालू नये. त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. दुकानातून बधिरतेचे थेंब आणून स्वतः वापरू नयेत. त्यांच्या वारंवार वापराने पटलावर व्रण होतो.

डोळ्यांत रुतलेला धातूचा कण सहकाऱ्याकडून काडीने, रुमालाच्या टोकाने वा चुंबकाने काढून घेऊ नये. डोळा न चोळता नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

टाका मारण्यापूर्वी "डोळे सांभाळा" अशी सूचना मोठ्याने द्यावी. रस्त्याकडेला किंवा अंगणात काम करताना आडपडदा लावावा. मुलांना जवळ थांबू देऊ नये.

७. वीज व आग

• पावसात, ओल्या जमिनीवर, अनवाणी किंवा चपला घालून काम करू नये. घामाने भिजलेले हातमोजे बदलावेत.
• आरसीसीबी यंत्राच्या इनपुट बाजूचेच संरक्षण करते. रॉड वा तारेच्या बाजूने लागणाऱ्या धक्क्यापासून कोरडे हातमोजे, कोरडे बूट व सुका फळीचा आधार हेच संरक्षण होय.
• एक्स्टेन्शन केबल पूर्ण उलगडून वापरावी. गुंडाळलेली केबल तापून पेटू शकते.
• काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ, घासून चमकविलेल्या पत्र्यावर लावावा.
• पेट्रोलची टाकी वा नळ्या, सीएनजी सिलिंडर, एअरबॅग व डिकीचे गॅसदांडे यांच्या जवळ वेल्डिंग करू नये. "रिकामी" टाकी भरलेल्या टाकीइतकीच किंवा त्याहून धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ असते.
• आसने, गालिचा व आवाजरोधक थर काढावेत. आसनांचा फोम जळताना विषारी वायू सुटतात.
• पत्र्याच्या पलीकडे पाहणारा एक जोडीदार असावा. काम थांबल्यावर किमान अर्धा तास गाडी सोडून जाऊ नये. पोकळ भागांतील आग उशिरा दिसते.

८. हे काम आपण करू नये

दाराचा तळ, मडगार्डची कड किंवा डिकीचा पत्रा हा शिकण्यास योग्य भाग आहे. तोही टाकाऊ पत्र्यावर पुरेसा सराव झाल्यावरच. चॅसीचे भाग, सस्पेन्शनच्या बैठका, आसनपट्ट्याचे बोल्ट बसणारी जागा आणि दारांखालील पेटीसारखा भाग अपघातात प्रवाशांचे रक्षण करतात. वरून गुळगुळीत दिसणारा कच्चा जोड तेथे जीवघेणा ठरू शकतो. ही कामे अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावीत.

दमा किंवा फुप्फुसांचा अन्य विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती महिलांनी हे काम टाळावे. हृदयात पेसमेकर असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय चालू यंत्राजवळ जाऊ नये.

९. त्रास झाल्यास

• भाजल्यास : भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई किंवा हळद लावू नये.
• पत्रा लागून जखम झाल्यास : साबण व पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लशीबाबत जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे.
• विजेचा धक्का बसल्यास : प्रथम मेन स्विच बंद करावा, त्याआधी व्यक्तीस स्पर्श करू नये. ती शुद्धीवर असली तरी रुग्णालयात न्यावे.
• बंद जागेत कोणी कोसळल्यास : स्वतः आत धावू नये. दारे उघडावीत, वायूची झडप बंद करता आल्यास करावी आणि मदत बोलवावी.
• धाप लागणे, छातीत दाब किंवा वाढता खोकला : ही लक्षणे काम संपल्यावर काही तासांनीही सुरू होऊ शकतात. सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आपत्कालीन मदत : ११२

१०. खरेदीपूर्वी स्वतःस विचारावयाचे प्रश्न

१. हे यंत्र ३० अँपिअर वा त्याहून कमी प्रवाहावर स्थिर चालते का?
२. त्यास संरक्षक वायू व ०.६ मिलिमीटर तार जोडता येते का?
३. माझ्या घरातील वायरिंग व अर्थिंगची तपासणी झाली आहे का?
४. हेल्मेट, मास्क, हातमोजे, बूट व अग्निशामक यांचे पैसे मी आधीच बाजूला काढले आहेत का?
५. धूर बाहेर जाईल व वायू साचणार नाही, अशी जागा माझ्याकडे आहे का?
६. ज्या भागाची दुरुस्ती करावयाची आहे, तो प्रवाशांच्या सुरक्षेशी संबंधित नाही ना?
७. माझ्यासोबत लक्ष ठेवणारी एक प्रौढ व्यक्ती असेल का?

पहिल्या सर्व प्रश्नांस "होय" आणि सहाव्यास "नाही, संबंधित नाही" असे उत्तर आल्यावरच यंत्र खरेदी करावे. एकाही प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल असल्यास ती उणीव आधी भरून काढावी, अथवा हे काम प्रशिक्षित कारागिराकडे सोपवावे.